कुंपणापलीकडची आद्याक्षरं

"माझं ईडीसी बदललं," शेजारी कुंपणापलीकडून म्हणाला आणि कमरेवर थोपटलं. एव्हरीडे कॅरी. रोज अंगावर बाळगायचं ते. त्याच्या बाबतीत पिस्तूल.

मग गाडी सुसाट. टूए, म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेतली 1791 ची दुसरी दुरुस्ती, शस्त्र बाळगण्याच्या हक्काची. एनएफए, म्हणजे मशीनगन आणि बंदुकीच्या सायलेन्सरवर 1934 मध्ये नोंदणी नि कर आणणारा कायदा. एसबीआर, म्हणजे 16 इंचांहून आखूड नळीची रायफल. सगळं तोंडपाठ, आणि मला समजावून सांगताना खरी आपुलकी. माणूस चांगलाच आहे. आम्ही भारतात गेलो की आमच्या झाडांना पाणी तोच घालतो.

कायदाही त्याच्या बाजूने आहे. टेक्ससमध्ये 2021 पासून बहुतेक प्रौढांना पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही.

पण एवढ्या बोलण्यात गोळी लागलेलं माणूस कुठेच आलं नाही, हे मला दिवसभर टोचत राहिलं. तीन अक्षरांत रक्त दिसत नाही.

माझी मुलगी पहिलीत आहे. शाळेत लॉकडाउन ड्रिल असतं, म्हणजे कुणी बंदूक घेऊन शाळेत घुसलं तर काय करायचं याचा सराव. दिवे बंद, दाराला कडी, भिंतीला चिकटून गप्प बसायचं. हे त्याला सांगायला हवं होतं असं फार वाटतंय.

इथल्या मराठी आईबाबांनो, तुम्ही शेजाऱ्यांशी हा विषय कसा काढता?