तुम्ही विचारलंत म्हणून: बारा कोंबड्यांना एवढं खुराडं कशाला?

गणपतीला आलेला प्रत्येक चाकरमानी परसात डोकावला की हेच विचारतो. "आमची आजी डालग्याखाली कोंबड्या झाकायची, वर एक चिरा ठेवायची. झालं! तुझ्या काय सोन्याची अंडी देतात?"

माझी आजीही डालगंच वापरायची. पण ते पडवीत असायचं आणि पडवीत आजोबा झोपायचे. कोंबडी जराशी कुचकुचली की ते खाकरायचे, कुत्रा उठायचा. राखण खरी त्या दोघांची. आता आम्ही दारं लावून पंख्याखाली झोपतो. परसात रात्री काय झालं ते सकाळी कळतं.

मला तसंच कळलं. पहिल्या वर्षी षटकोनी भोकांची ती पातळ कोंबडीची जाळी मारली होती. एका रात्रीत पाच गेल्या. खालचा कोपरा उसवलेला, पिसं थेट फणसापर्यंत. सगळ्यांनी मुंगसावर आळ घेतला. अहो, मुंगूस दिवसा फिरतं! रात्री येतं ते उदमांजर. ती जाळी कोंबडीला आत ठेवते एवढंच, बाहेरच्याला ती काय अडवणार? आता अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंगने जोडलेल्या तारांची जाळी आहे. महाग पडली, पण तिच्यातून सापालाही वाट मिळणं कठीण.

मुंगूस मात्र खालून उकरतं. त्यासाठी जाळी फूटभर जमिनीत पुरायची असते. आमच्याकडे चार बोटं माती, खाली कातळ; पहार मारली की ठिणग्या उडतात. म्हणून जाळी बाहेरच्या अंगाला दीड फूट आडवी वळवली आणि वर चिरे मांडले.

रात्रीचं घर सहा बाय चार फूट, म्हणजे कोंबडीमागे दोन चौरस फूट. दिवसभर बाहेर असतात म्हणून एवढ्यात भागतं. ते चिऱ्यांच्या खांबांवर दोन फूट उचललंय, दार पूर्वेला, कारण पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते. वर कौलं, पत्रा खाऱ्या हवेत गंजतो आणि मे महिन्यात तव्यासारखा तापतो. कौलांखाली चारही बाजूंनी वीतभर फट ठेवून तिला जाळी मारलीय. "थंडी नाही वाजणार?" असं आत्या दर वेळी म्हणते. थंडीचं सोडा, कोकणात ओलीला भ्यायचं. खाली पसरलेला भाताचा तूस ओला झाला की विष्ठेतून अमोनिया सुटतो. मी रोज सकाळी दारात वाकून वास घेतो. नाक झोंबलं तर त्याच दिवशी तूस बदलायचा.

बाहेरचं अंगण बारा बाय दहा फूट, वरूनही जाळी, कारण घार. त्या जाळीवर पावसाळ्यात दोडकी चढवतो. भाजी आम्हाला, सावली त्यांना. एका कोपऱ्यात झापाखाली राख आणि सुकी माती भरलेलं घमेलं आहे. जून ते सप्टेंबर बाहेर कोरडी माती दिसत नाही आणि धुळीत लोळायला मिळालं नाही तर पिसांत उवा होतात.

मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस वेगळी टोचून घ्यायची, त्या रोगापुढे जाळीचा उपयोग नाही.

राहिली कडी. नुसती नको, भोकात खिळा अडकेल अशी हवी. तिन्हीसांजेला मोजून बारा झाल्या की खिळा घालतो. बहुतेक वेळा अकराच भरतात. तांबडी रातांब्यावर चढून बसलेली असते, तिला बांबूने ढोसून उतरवावं लागतं.