पस्तीचा चौरंग

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जुन्या वर्तमानपत्रांना रद्दी कोणी म्हणत नाही, गुजरातीतला 'पस्ती' हाच शब्द रुळलाय. यंदा मखराला थर्माकोल आणायचा नाही असं ठरल्यावर सातवीतल्या लेकीने हट्ट धरला, चौरंगही पस्तीचाच करू. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मूर्ती शाडूची आहे, सहा किलोची. कागदावर कशी बसवशील?"

मला भुज आठवलं. 2001 च्या भूकंपानंतर जपानी वास्तुरचनाकार शिगेरु बान यांनी तिथे कागदी नळ्यांच्या भिंतींचं घर उभारलं होतं, पायाला पडलेल्या घरांचाच राडारोडा, छताला बांबू आणि चटया. 1995 मध्ये कोबेच्या भूकंपानंतरही त्यांनी अशीच घरं बांधली होती. त्यांच्या नळ्या कारखान्यातल्या, जाड. आमच्याकडे विणकामाची सुई आणि मैद्याची खळ.

पान कोपऱ्यापासून तिरकं गुंडाळायचं. सगळी मदार पहिल्या दोन वेढ्यांवर. तिथे सैल राहिलं की पुढे कितीही ओढा, नळी बोटाने दाबताच चपटी होते. घट्ट नळीला टिचकी मारली तर टक् वाजते, सैल नळी भद्द. लेक डोळे मिटून, नुसत्या आवाजावर नळ्या निवडायला लागली. मला तेवढं कधीच जमलं नाही.

पहिला सांगाडा हात टेकताच एका बाजूला कलला. एकही नळी मोडली नव्हती, फक्त सांधे फिरले होते. चौकोनाच्या बाजू तशाच राहून कोन बदलू शकतात, त्रिकोणाचे बदलत नाहीत. मग प्रत्येक बाजूला तिरप्या नळ्या सुतळीने आवळल्या. डुलणं थांबलं, पण आता पाय मधेच वाकू लागले. बारीक खांबाची उंची निम्मी केली की त्याला वाकवायला चौपट भार लागतो. म्हणून चाळीस सेंटिमीटरचे पाय वीसवर आणले आणि एकेका पायाला सात-सात नळ्यांची जुडी केली, मधे एक, भोवती सहा. सारख्या जाडीच्या नळ्या अशा नेमक्या बसतात, बाहेरच्या सहाही मधलीला आणि शेजारच्या दोघींना टेकतात.

एका रात्री सगळं गॅलरीत राहिलं. श्रावणातली दमट हवा. सकाळी जुड्या मऊ पडलेल्या, सुतळी ढिली. पंख्याखाली दोन दिवस वाळवल्या, पुन्हा आवळल्या, वरून फेव्हिकॉलचा पातळ हात दिला. मग गव्हाचा दहा किलोचा डबा रात्रभर ठेवून पाहिला. काही हललं नाही.

चतुर्थीला सकाळी सासूबाईंनी चौरंगावर दोन्ही हात टेकून जोर दिला. पुन्हा एकदा दिला. मग आतून स्वतःच्या माहेरचा पाट आणून त्यावर मांडला, तांदळाची रास घातली आणि लेकीला म्हणाल्या, "आण बाप्पाला."