शनिवारची शाळा आणि कोहळ्याची फुले

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यात पहिली-दुसरीच्या मुलांना मधमाशी दाखवायची, तर शनिवारची सकाळची शाळाच सोयीची. कारण कुंपणावरच्या कोहळ्याची फुले पहाटे उमलतात आणि ऊन चढू लागले की मिटतात. एरवी शाळा भरेपर्यंत सगळा बाजार उठलेला असतो.

मुलांना वेलापासून दोन हात दूर बसवून मी एवढेच सांगते, की प्रत्येकाने आपले एक फूल ठरवावे आणि त्यावर माशी उतरली की एक चिंचोका बाजूला काढावा. हात कामात असले की वारा घालणे, फुंकर मारणे आपोआप थांबते. नर फुलातून परागांनी माखून निघालेली माशी पाहून एक मुलगी ओरडली, "मॅडम, इच्या आंगाले हळद लागली!" मागच्या पायांवरचे परागांचे गोळे मग सर्वांनाच दिसले. मादी फुलाखाली इवलेसे कोहळे आधीपासूनच असते, हे मात्र बोट ठेवून दाखवावे लागले. आदल्या सायंकाळी अशाच एका मादी कळीवर, माशी पोहोचू नये म्हणून, आम्ही पातळ फडके बांधून ठेवले होते.

नंतर नाचाचा खेळ झाला. फुले कोणत्या दिशेला आहेत, हे माशी सोबतिणींना पोळ्यावर नाचून सांगते. ढोलीत राहणारी सातेरी मधमाशी उभ्या पोळ्यावर नाचते, त्यामुळे तिची खूण लहान मुलांना समजणे कठीण. फुलोरी माशी मात्र फांदीवरच्या पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचून थेट फुलांच्याच दिशेने धावते, म्हणून अंगणात तिचीच नक्कल करणे सोपे. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 मध्ये नोबेल मिळाले. आमच्या 'माशी'ने मात्र अख्खा वर्ग तुरीच्या फुललेल्या धुऱ्याऐवजी हातपंपावर नेला. चूक माझीच, अंगठ्याएवढ्या मुलाला एकदाच दाखवून मी मोकळी झाले होते.

पिंपळावरचे आग्या मोहोळ आम्ही रस्त्यापलीकडूनच पाहतो. तिथे दगड आणि धूर या दोन गोष्टींना सक्त मनाई आहे, आणि ही बाब मी खेळात कधीच गुंडाळत नाही.

पुढच्या शनिवारी फडके सोडले. शेजारचे कोहळे मुठीएवढे झाले होते. हे मात्र पिवळे पडून हात लावताच गळाले. ज्याने गाठ मारली होती, त्या मुलाने ते कोणालाही न दाखवता खिशात घातले.