मोजून घ्या, आजी

मे महिन्यात आमच्या स्टोअरमध्ये चाळीस बेअरिंगं कमी भरली. सिस्टीममध्ये २१२, रॅकवर १७२. हे स्टोअर मी चौदा वर्षं सांभाळतेय. मला कुणी चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. साहेब एवढंच म्हणाले, "मॅडम, चावी काही दिवस सिक्युरिटीकडे राहू द्या." त्या दिवसापासून मी डबा घेऊन टेबलाशी गेले की सगळ्यांचं बोलणं पावसापाण्यावर यायचं.

'कर नाही त्याला डर कशाला,' असं जाऊबाई म्हणाल्या. बोलायला ठीक आहे. मी रात्री तीनला जागी होऊन मनातल्या मनात रॅक मोजत होते.

रजा शिल्लक होती. गुडघ्यांमुळे आईची वारी दोन वर्षं चुकली होती. तिच्या जागी भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, भरून मी तिच्या दिंडीत निघाले, माऊलींच्या रथामागे. भक्तीने निघाले असं सांगितलं तर खोटं होईल. मला त्या टेबलापासून लांब जायचं होतं. दिवेघाट चढून सासवडला पोचेपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. दिंडीतल्या एका मावशींनी सुईदोरा आरपार ओवून पाणी काढलं, दोरा तसाच आत ठेवला आणि म्हणाल्या, "आता चाल." जेजुरी, वाल्हे, नीरा पाय मोजण्यातच गेलं.

लोणंदला मात्र समाजआरती नीट बघितली. मुक्कामाच्या तळावर पालखी येते, सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात आणि टाळमृदंगाचा नुसता कल्लोळ असतो. मग चोपदार दंड उंच धरून "होऽऽ" म्हणतात आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. त्या दिवशी एका दिंडीचे गप्प झाले नाहीत. मला वाटलं, यांना कळलं नाही की काय. मावशी हळूच म्हणाल्या, "गाऱ्हाणं आहे त्यांचं. ऐकून घेईपर्यंत वाजवणार." चोपदार स्वतः तिकडे गेले. पाण्याच्या टँकरची काहीतरी तक्रार होती. ती ऐकली गेली, तेव्हा टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याची यादी, उद्या निघायची वेळ, आणि आरती. सोहळ्याची शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर शिंद्यांच्या पदरी सरदार होते म्हणे. ते पटतं. ऑफिसात एवढी सोय कुणी केली नाही.

पण मी तरी कुठे टाळ वाजवला होता? चावी मागितली, मी काढून दिली. वर "हो सर" म्हणाले.

नातेपुते सोडल्यावर सदाशिवनगरला गोल रिंगण झालं. माऊलींचा अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं तुटून पडतात. मीही वाकले. मातीत हात घातला तर बोटांना नाडी लागली. निळ्या कापडाचा बटवा होता, फुगलेला. पूर्वी पटकन उचलला असता. त्या दिवशी हात मागे आला. कुणी बघितलं तर? मी माती न घेताच उभी राहिले. मावशींनी बघितलंच. "उचल की! तुडवतील लोक."

मग तो बटवा मी माळशिरसपर्यंत पिशवीत न टाकता सगळ्यांना दिसेल असा हातात धरून चालले. आता आठवलं की हसू येतं.

समाजआरतीत पुकारा झाला आणि थोड्या वेळाने परभणीकडची एक आजी आली. आत काय आहे विचारल्यावर म्हणाली, "सुपारी, अडकित्ता आन् थोडं पैसं." बटवा हातात पडताच तिने तो न उघडता कमरेला खोचला.

"आजी, मोजून घ्या."

"कशाला गं?"

"मोजा हो. सगळ्यांसमोर मोजा." माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण दोन टाळकरी वळून बघायला लागले.

आजीने माझ्याकडे बघितलं, बटवा काढला आणि माझ्याच हातात दिला. "मग तूच मोज. मला दिसतंय कुठं."

मी मोठ्याने मोजले. सुपारीचा चुरा लागलेल्या नोटा, एकेक सरळ करत, दोनदा. अठराशे सत्तर.

"बरोबर आहेत का?"

"मला काय म्हाईत किती हुते ते!" असं म्हणत आजी तोंडाला पदर लावून हसायला लागली. मावशी हसल्या, मीही हसले. मग मी रांगेतून बाजूला झाले, कारण हसता हसता भलतंच व्हायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी वेळापूरला पोचल्यावर साहेबांना फोन लावला. म्हटलं, "बेअरिंगांची मोजणी माझ्यासमोर करा. मेंटेनन्सची रात्रपाळी आणि ऑडिटवालेही हवेत. जानेवारीपासूनच्या सगळ्या इश्यू स्लिपा काढून ठेवा. मेल पाठवतेय."

"मॅडम, देवाच्या कामाला गेलायत, आल्यावर बोलू की निवांत."

"नाही सर. तारीख आत्ता सांगा."

"नीट ऐकू येत नाहीये. मागे कसला आवाज येतोय?"

"टाळ आहेत. मी थांबते."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "बरं, एकादशीनंतरच्या सोमवारी. दहा वाजता."

तेवढ्यात मावशींनी पंगतीला हाक मारली. पिठलं संपायच्या आत पोचायचं होतं.