बरणीतला घोडा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी लिही असा ग्रुपवर मेसेज आला आणि मला पहिली आठवली ती सायन्स लॅबच्या कपाटातली बरणी, फॉर्मलिनमधल्या समुद्रघोड्याची. नववीत बाई (नाव लिहिलं तर ओरडतील) पृष्ठवंशीय-अपृष्ठवंशीय (कणा असलेले-नसलेले) शिकवत होत्या, बरणी टेबलावर ठेवली आणि नेमकं मलाच उभं केलं. मी म्हटलं, बाई, अपृष्ठवंशीय, बाहेरून कुर्लीसारखा (खेकड्यासारखा) कडक आहे ना. अख्खा वर्ग हसला, पण उत्तर कुणालाच येत नव्हतं हां.

मग आम्ही सगळे बरणीला नाक लावून आणि बाई सांगतायत. खवले नाहीत, कातडीखाली हाडाची कडी एकाखाली एक, शेपटी चक्क चौकोनी आणि तिला पर नाही, म्हणून पाठीवरचा एवढासा पर सेकंदाला ३०-३५ वेळा हलवत हा उभ्या उभ्या पोहतो. दात नाहीत, जठरसुद्धा नाही, त्यामुळे दिवसभर नळीसारख्या तोंडाने बारीक जीव ओढत बसायचं. पण कल्ले आहेत आणि आत पार शेपटीच्या टोकापर्यंत मणक्यांची माळ. म्हणजे मासाच! आणि तारामासा, ज्याच्या नावातच मासा, त्याला कणाच नाही.

मला काही पटेना. रविवारी आईने म्हाकूल (स्क्विड) साफ करताना आतली पारदर्शक पट्टी ओढून काढली, ती मी पेपरात गुंडाळली ("मेल्या, त्याचा काय करतलंस?") आणि सोमवारी बाईंसमोर धरली, हा बघा कणा. बाईंनी शेजारच्या पोराला वाकवलं, त्याच्या पाठीवरून माझं बोट फिरवलं, म्हणाल्या, मणी लागतात ना हाताला? त्यांच्या आतून मज्जारज्जू जातो, तुझ्या पट्टीत मणी कुठेत? मोरीला (शार्कला) तर हाडच नाही, सगळी कूर्चा, तरी मणके आहेत म्हणून ती आपल्यातली.

त्या गडबडीत माझं कोपर बरणीला लागलं, फुटली नाही नशीब, पण फॉर्मलिन सांडून लेबल धुऊन गेलं आणि शिक्षा म्हणून नवीन मी लिहिलं. परवा मीटिंगला आलो तेव्हा बघितलं, घोडा पिवळट पडलाय (२००१ पासून तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आता रापणीच्या जाळ्यात आला तर सोडून द्यायचा, नवी बरणी विसरा) आणि लेबल अजून तेच, 'प्रुष्ठवंशीय'.