कोपरातली मोटार खाली आणताना

वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात प्रेसजवळ पत्रे उचलून ठेवणारा एक रोबो होता. दोन वर्षांत त्याच्या गिअरबॉक्सला इतका प्ले, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, आला, की टोकाला डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावून हात नुसता हलवला तरी काटा ०.४ मिलिमीटर फिरायचा. मी मालकांना म्हटलं, आता गिअरच नको, मोटार थेट सांध्यावर बसवू. हारुहिको असादा आणि ताकेओ कानाडे यांनी १९८१ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात असा हात बनवला होता. मालक तयार झाले.

पहिलं डिझाइन फसलं. दंड ४०० मिलिमीटरचा, कोपरावर ५ किलोची मोटार. हात आडवा झाला की फक्त ती मोटार तोलून धरायला खांद्यावरच्या मोटारीला जवळपास २० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर) लागायचा. उचलायचा पत्रा होता जेमतेम दीड किलोचा! १:१०० चा गिअर असता तर मोटारीला या टॉर्कचा शंभरावा हिस्सा जाणवला असता, आणि जडत्वाचा तर दहा हजारावा. गिअर काढला की सगळं थेट मोटारीच्या अंगावर येतं. त्यात टॉर्क दुप्पट मागितला की वाइंडिंगची, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळ्यांची, उष्णता चौपट. मे महिन्यात शेडमध्ये ४२ अंश. अर्ध्या तासात मोटार ११० अंशांवर गेली आणि तिला वीज पुरवणारा ड्राइव्ह ट्रिप होऊन बंद पडला.

एका दुपारी लाइट गेली आणि हात धाडकन टेबलावर पडला. सांधा किती फिरला ते मोजणाऱ्या एन्कोडरची चकती फुटली. आमचे टर्नर मामा म्हणाले, "ताई, गिअर होता तवर तो अडून तरी राहायचा. आता ह्याला धरणार कोण?" त्या प्रश्नानं मी कागद पुन्हा कोरा घेतला. वीज जाताच स्प्रिंगने आवळणारे ब्रेक तर बसवलेच, पण खरं दुखणं वजन चुकीच्या जागी असण्याचं होतं.

मग एमआयटीत असादा आणि कमाल युसेफ-तौमी यांनी वापरलेली समांतरभुज रचना घेतली. दोन्ही मोटारी खाली, बिडाच्या पायावर. दुसरी मोटार समांतर दांड्यानं कोपराचा पुढचा भाग फिरवते. मोटारीचं ओझं हातावरून उतरलं, उष्णतेलाही बिडात जायला वाट मिळाली. शिवाय दांड्यांची वजनं आणि गुरुत्वमध्य ठरावीक प्रमाणात जुळवले, तर एका मोटारीच्या हालचालीचा झटका दुसरीला बसत नाही. हे प्रमाण जुळवायला मला तीन आठवडे लागले. दर वेळी मामा दांड्यातून थोडं ॲल्युमिनियम काढायचे, मी तो तराजूवर ठेवायचे.

एका गोष्टीची मला धास्ती होती: दांड्याच्या पिना. तिथे साधे बुश (पिनेभोवतीची साधी नळी) घातले असते तर गिअरचा प्ले मागच्या दारानं परत आला असता. म्हणून प्रीलोड दिलेली, म्हणजे आधीच दाबून ढिलाई काढलेली, अँग्युलर बेअरिंग घातली. एन्कोडरवर पैसे वाचवले नाहीत. ४०० मिलिमीटरवर ०.०५ मिलिमीटर ओळखायचं तर एन्कोडरला एका फेऱ्यात किमान ५० हजार काउंट (मोजता येणारे टप्पे) हवेत; गिअर नसल्यामुळे ते वाढवून देणारं मध्ये कुणीच नाही. आम्ही १७ बिटचा घेतला, म्हणजे फेऱ्याला सुमारे १ लाख ३१ हजार काउंट.

ऑगस्टमध्ये पुन्हा तोच डायल लावला. मामांनी टोक धरून हलवलं. काटा ०.०३ वर थांबला. मामांनी काच पुसली आणि परत हलवलं.