खांब पडालाय

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

आज लिथियम लेव्हलचा दिवस होता, म्हणजे माझ्या बायपोलरच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण तपासायचा. दर तीन महिन्यांनी असतो. आदल्या रात्री साडेआठला गोळ्या घ्यायच्या आणि मग बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचं, आधी दिलं तर आकडा उगाच जास्त येतो, म्हणून मी सव्वाआठलाच लॅबमध्ये जाऊन बसलेले. तिथली ताई आता ओळखते. कुठला हात असं विचारत नाही, मी डावाच पुढे करते, उजवा चित्राचा आहे म्हणून. पहिल्यांदा तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, आर्टिस्ट आहात काय तुम्ही, आणि मला हो म्हणायला इतका वेळ लागला की तोवर सुई काढून कापूस लावून झाला होता. आज न विचारता मीच सांगितलं की इथून डायरेक्ट रंकाळ्यावर जाणार आहे, तलावातला तो दगडी संध्यामठ काढायला. बॅगेत पॅड, रंग, पाण्याची बाटली आणि बाबांची काठी. काठीचं पुढे लिहिते.

मागचं थोडक्यात लिहून ठेवते, कारण मलाच अधूनमधून ते नीट लावून घ्यावं लागतं. फेब्रुवारी २०२३, पुण्यात रूम घेऊन राहात होते, पुस्तकांची इलस्ट्रेशन्स करायचे, चोवीस वर्षांची होते. झोप आधी चार तासांवर आली, मग दोनवर, मग पाच रात्री झोपलेच नाही आणि थकवा म्हणून नाही. उलट आयुष्यात पहिल्यांदाच सगळं कळतंय असं वाटत होतं, एसटीच्या पाट्यांवरचे नंबर मला कंपोझिशन सांगतायत असं वाटत होतं, आणि हे मी लोकांना थांबवून थांबवून सांगत होते. होते नव्हते ते सगळे पैसे रंगांत घातले, वर उधारी. रूममेटनं घाबरून दादाला फोन केला, दादानं रात्री १४४१६ ला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करून विचारलं काय करायचं, त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तिला एकटं सोडू नका आणि उद्याच्या उद्या सायकॅट्रिस्टकडे न्या. दादा पहाटेच्या गाडीनं आला. कोल्हापुरात आणून १९ दिवस ॲडमिट. निदान बायपोलर, म्हणजे मन कधी अती वर जातं, कधी खोल खाली. त्यानंतर जे सात महिने गेले त्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही, कारण त्यात काही घडलंच नाही, भिंतीकडे तोंड करून पडलेली मी आणि दाराशी चहा घेऊन उभी आई, रोज. आईनं मला नरसोबाच्या वाडीलाही नेलं आणि गोळीही एक दिवस चुकवली नाही. बाहेरचं काहीतरी असेल म्हणणारे नातेवाईक होते, तिनं कुणाशी वाद घातला नाही, दोन्ही केलं. वाडीला नदीकाठच्या पायऱ्यांवर बसून ती माझ्या तळहातावर गोळी ठेवायची ते मी कधी विसरणार नाही.

त्या पाच रात्रींतले कागद अजून आहेत. साठेक असतील. दादानं गुंडाळून आणलेले, पलंगाखाली होते, आणि मी बरी होत असताना मला सारखं वाटायचं की खरं काम ते आहे, ते तिथे खाली पडलंय आणि मी वर गोळ्या खाऊन सुस्त झालीये. गेल्या दिवाळीत धीर करून उघडले. बहुतेकांवर सात-आठ थर, एकावर एक, ओल्यावर ओले, सगळ्यांचा मिळून चिखल झालेला, काही ठिकाणी घासून घासून कागदाला भोकं पडलेली. खूप रडले. दोन कागदांवर मात्र पिवळ्याशेजारी जांभळा असा काही लागलाय की तो मला आजही जमणार नाही, हेही खरं आहे आणि ते लिहिलं नाही तर खोटं होईल. पण साठात दोन. आणि त्या दोनसाठी परत त्या रात्री हव्यात का असं कुणी विचारलं तर नको. मला नको.

कॉलेजचा एक मित्र म्हणालेला, औषधं घेतलीस तर आतलं मरून जाईल, व्हॅन गॉग बघ. बघितला मी व्हॅन गॉग, पडून असताना दुसरं काय करणार. मे १८८९ मध्ये तो स्वतःच्या पायांनी फ्रान्समधल्या सेंट रेमीच्या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात गेला, वर्षभर राहिला, दीडशेच्या आसपास पेंटिंग्ज केली तिथे. पण झटका यायचा तेव्हा आठवडेच्या आठवडे काम बंद, त्यात त्यानं रंग तोंडात घातले म्हणून रंगांपासून लांब ठेवावं लागलं होतं त्याला. आपण जी चित्रं बघतो ती मधल्या बऱ्या दिवसांत केलेली. तो माणूस बरा होण्यासाठी धडपडत होता आणि लोक त्याच्या आजाराला आरती ओवाळतात, मला याचा फार राग येतो. त्याला लिथियम मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. ते आलं १९४९ ला, जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं आधी गिनी पिगवर बघितलं, मग स्वतः घेऊन बघितलं आणि मग मॅनियाच्या, म्हणजे माझ्या त्या पाच रात्रींसारख्या अवस्थेतल्या, दहा पेशंटना दिलं. शेवटी ते एक प्रकारचं मीठच. मोठं नाव नाही, कुणी शोधून बनवलेला रेणू नाही, दगडात सापडणारी वस्तू, आणि तिच्यावर मी उभी आहे.

मीठ आहे म्हणून सांभाळावंही लागतं. किडनीला मीठ आणि लिथियम यातला फरक फारसा कळत नाही, अंगातलं पाणी कमी झालं की ती मीठ धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियमही. गेल्या मे महिन्यात दाढ दुखत होती, घरात होती ती आयबुप्रोफेन तीन दिवस घेतली, वर उन्हाचा घाम, चौथ्या दिवशी उलट्या जुलाब आणि हात असा हलायला लागला की तांब्या धरता येईना. लेव्हल १.४ आली होती, डॉक्टर माझी ०.६ ते ०.८ मध्ये ठेवतात. तेव्हापासून दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल आणि तेही विचारून, उन्हाळ्यात बाटली कायम सोबत, आणि आई ताकात मीठ घालताना हात आखडत नाही.

पण लेव्हल बरोबर असली तरी हात थोडा हलतोच. बारीक थरथर, वीज गेल्यावर थांबत आलेल्या पंख्यासारखी नाही, वेगळीच, मांजर मांडीवर घुरघुरत असतं तेव्हा हाताला लागते ना तशी. कप टेबलावर असेल तर काही नाही, उचलून धरला की सुरू. म्हणजे नेमकं ब्रश कागदावर टेकायच्या आधीच्या क्षणाला. चहा जास्त झाला की वाढते, कुणी बघत असलं की वाढते. त्यावर एक गोळी असते प्रोप्रानोलॉल म्हणून, पण मला लहानपणापासून दमा, त्यामुळे ती चालत नाही. डोस थोडा कमी केला, थोडा फरक पडला, तेवढंच. सुरुवातीला मी सरळ रेघ येणारी चित्रंच सोडून दिली होती, ढग काढायचे, झाडं काढायचे.

आता काठी. बाबा पेंटर आहेत, म्हणजे बोर्ड रंगवणारे पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, ट्रकच्या मागची नावं. फ्लेक्स आल्यावर काम जवळपास संपलं, आता महिन्यातून एखादी पाटी. नीळ लावलेला दोरा दोन टोकांना धरून सटकन मारला की भिंतीवर रेघ उमटायची ते बघत मी मोठी झाले. माझ्या आजाराबद्दल बाबा आजपर्यंत एक वाक्य बोललेले नाहीत. हॉस्पिटलात रोज यायचे, बाकावर बसायचे, पेपर वाचायचे, जायचे. मला वाटायचं त्यांना लाज वाटते. तर जानेवारीत एकदा मी गॅलरीत बसून खिडकीची चौकट काढत होते, तीच रेघ चौथ्यांदा खोडली, आणि ते माळ्यावरून काठी घेऊन आले. हातभर लांब, टोकाला कापसाचा गोळा आणि त्यावर मऊ फडकं गुंडाळून दोऱ्यानं आवळलेलं, फडक्यावर तीस वर्षांचे इनॅमलचे डाग, बहुतेक लाल. डाव्या हातात काठी धरायची, गोळा कोरड्या जागी टेकवायचा आणि उजवं मनगट काठीवर. "हात माझाबी हलतोय," म्हणाले, "कुणाचा हलत नाही?" तेवढंच बोलले आणि खाली गेले. तीस वर्षं लोकांनी वाचलेली सगळी सरळ अक्षरं या काठीवर टेकून आलेली होती आणि मला हे माहीतच नव्हतं.

तर आज संध्यामठ. पाणी उतरलंय त्यामुळे दगड बऱ्यापैकी उघडा पडलाय, पावसाळ्यात निम्मा पाण्यात असतो. कोल्हापुरात चित्रकला शिकणाऱ्या प्रत्येकानं तो कधी ना कधी काढलेला असतो, आम्हीही सकाळी सहाला येऊन काढायचो, आणि सर मागून येऊन काही न बोलता पान उलटून टाकायचे, म्हणजे परत कर. मला तिथे एकटीनं बसायला सव्वादोन वर्षं लागली. दोन तास बसले. खांब काठीवर टेकून मारले, फ्लॅट ब्रशनं, एका श्वासात एक. पाण्याला काठी लावली नाही. ऊन चढलं तशी उठले, अख्खी बाटली संपवली होती.

घरी आले, चित्र डायनिंग टेबलवर सुकायला ठेवलं. आई म्हणाली, किती छान गं. वहिनी म्हणाली, मस्तच. दादानं फोटो काढून मावशीला पाठवला, मावशीचा सुपर्ब असा मेसेज. आणि मला तेच झालं जे दोन वर्षं होतंय, पोटात काहीतरी खाली बसलं. बरी झाल्यापासून माझं प्रत्येक चित्र छान असतं. ढग छान, झाड छान, ज्यावर पाणी सांडलं तेही छान. त्यांचं चुकत नाही, ती माझ्यावर जीव लावणारी माणसं आहेत, घाबरलेली आहेत. पण छान म्हणताना त्यांचे डोळे चित्रावर नसतात, माझ्या तोंडाकडे असतात. तसंच हसण्याचं. मी जरा मोठ्यानं हसले, जरा भरभर बोलले, कुणावर चिडले की घरात एक सेकंद सगळं थांबतं आणि मग आई हळूच विचारते, गोळी घेतलीस ना. घेतलेली असते. राग आलेला असतो फक्त.

चार वाजता रिपोर्ट आला, ०.७. आईनं देवासमोर साखर ठेवली.

संध्याकाळी बाबा आले, चप्पल काढली, हातपाय धुतले, टेबलाशी उभे राहिले. बराच वेळ. मग चष्मा लावला. मग चित्र उचलून हात लांब करून धरलं, एक डोळा मिटून.

"डावीकडचा खांब पडालाय."

मी म्हटलं, "कुठं पडालाय?"

"पडालाय की. वरनं बघ. आणि पायरीखालचा अंधार एवढा काळा आसतोय व्हय? काळा घेतलाईस सरळ ट्यूबमधला."

मी म्हटलं काळा नाहीये तो, निळा आणि बर्न्ट सिएना आहे. ते म्हणाले मग जास्त झालाय. मी म्हटलं खांब मुळातच झुकलेला आहे, जाऊन बघा, दगड खचलाय तिथला. ते म्हणाले चाळीस वर्षं बघतोय मी तो मठ, झुकला असला तरी तुझा झुकलेला नाही, तुझा पडलेला आहे, झुकलेला खांब वजन घेतो, हा घेत नाही. माझा आवाज चढला. त्यांचाही. मी फोनमधला फोटो काढून दाखवला, त्यांनी फोन बाजूला सारला, फोटोत काय दिसतंय, म्हणाले, आणि पट्टी आणून चित्रावर आडवी धरली, आणि मी ओरडले, पट्टी लावू नका ओलं आहे अजून, ओलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हाताला कणीक होती. माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मी थांबले, आता विचारणार म्हणून.

ती आत गेली. लाटण्याचा आवाज परत सुरू झाला.

बाबांचं अंधाराचं बरोबर आहे. खांबाचं मला अजून पटलेलं नाही, उद्या सकाळी परत जाऊन बघणार आहे, ते पण येतो म्हणालेत.